दमणीचं डावं चाक

काही पडलं, जळलं किंवा मोडलं की अमरावती कचेरीतले गोरे साहेब मला बोलावून घेत. माझं खरं काम रस्त्याचं. मी रस्तेखात्यात ओव्हरसियर, पुण्यात इंजिनियरीच्या वर्गात शिकलेला, आणि वऱ्हाडात आलो तो खडी फोडून घ्यायला आणि मोऱ्या बांधायला. पण एकदा अकोल्यात कापसाची मोठी गंज जळाली. लोकांनी शेजारच्या व्यापाऱ्याला धरलं. कुणी म्हणे त्याने पेटता बोळा टाकला, कुणी म्हणे करणी केली. मी जाऊन राखेत हात घातला तर गंज वरून नव्हे, पोटातून जळालेली. वजन वाढावं म्हणून मालकानेच कापूस ओला करून रचला होता. ओली वैरण रचली की आतून तापते हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही कळतं, मग कापूस तापेल हे या शहाण्याला सुचू नये, याचा मला भयंकर राग आला. व्यापारी सुटला आणि माझ्यामागे हे शुक्लकाष्ठ लागलं. भिंत कोसळली, बोलवा महादेवरावांना. विहिरीचा काठ खचला, बोलवा महादेवरावांना.

सुरुवातीला मला रात्र रात्र झोप लागत नसे. पुढे लागू लागली. मेलेल्या माणसांकडे बघणं मी सोडून दिलं आणि फक्त वस्तू पाहू लागलो. मोडलेली वस्तू निदान रडत तरी नाही. घरी बायको म्हणायची, तुम्ही हल्ली जेवताना बोलत नाही. मी म्हणायचो, बोलण्यासारखं काही नसतं. ते खरंही होतं.

तो काळ वऱ्हाडाला चढलेल्या मस्तीचा होता. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि इथल्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. ज्यांच्या घरात चांदीचं ताट नव्हतं त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या टोप्या आल्या. मला हे पाहून हसू यायचं आणि थोडी जळजळही व्हायची. पगारदार माणसाला ती होणारच.

पौषात एक प्रकरण आलं. अमरावतीहून अंजनगाव सुर्जीकडे जाणाऱ्या रस्त्यावर खुशालराव नावाच्या मोठ्या कास्तकाराचं गाव आहे. त्याचा एकुलता एक मुलगा भगवंतराव. त्याची बायको लीलाबाई अंजनगावला माहेरी गेली होती, तिला घेऊन तो परत येत होता. ती दमणीत बसलेली, म्हणजे बसायच्या हलक्या बैलगाडीत. हाकणारा घरचा जुना गडी नत्थुजी, आणि भगवंतराव मागून घोड्यावर. गावाजवळच्या नाल्याचा उतार लागला, तिथे दमणी डावीकडे उलटली. लीलाबाई तिच्याखाली सापडली आणि दम कोंडून गेली. तिचं वय विचारायचं मी टाळलं.

नत्थुजी आपल्या पायांनी चावडीवर गेला आणि म्हणाला, "म्या दारू पेलो होतो. बैल दौडवले. दमणी उलटली. बाई मेली." इतकं बोलून त्याने हात पुढे केले. भगवंतरावाने याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. साहेबांच्या लेखी प्रकरण संपलेलं होतं. नत्थुजी काही वर्षं खडी फोडायला जाणार, आणि त्याचं वय पाहता तिथून परत येणार नाही. नियम म्हणून त्यांनी मला दमणी पाहून घ्यायला सांगितलं.

कचेरीच्या फाटकाशी एक म्हातारी बाई बसलेली होती. मी आत जाताना ती उठली.

"तुमीच काय थे, मोडक्या वस्तू पायणारे साहेब?"

पहिल्या वर्षी या वऱ्हाडी बोलण्याने माझ्या अंगावर काटा यायचा. कुणीतरी भांडायलाच आलं आहे असं वाटायचं. आता सवय झाली होती. "हो," मी म्हणालो. "तू कोण?"

"मनकर्णा. नत्थुजीची बायको. माहा माणूस पेलेला नव्हता."

"तो स्वतःच तसं सांगतो, बाई."

"थो सांगते तं सांगू द्या. आमी रिद्धपूरचे उपदेशी लोक. माहा सासरा उपदेशी, त्याचा बाप उपदेशी. आमच्या घरात दारूचा थेंब येत नाई. दारू पेलेला माणूस दारात आला तं थो त्याले पानी बी बाहेरच देते. अन् थो पेईन?"

उपदेशी, म्हणजे महानुभाव पंथाचा उपदेश घेतलेले लोक, दारू-मटणाला शिवत नाहीत हे मला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं. "मग तो खोटं का बोलतो?" मी विचारलं.

"काहून बोलते थेच तं मले समजून नाई राहिलं. भेटाले गेली तं भितीकडे तोंड करून बसते. मले कारण नोका सांगू, साहेब. मले माहा माणूस पायजे."

प्रत्येक आरोपीची बायको असंच बोलते. मी मान हलवली आणि आत गेलो.

दमणी मागच्या अंगणात निंबाखाली आणून ठेवली होती. उजवं चाक जागेवर होतं. डाव्या चाकाचा नुसता तुंबा, म्हणजे मधला लाकडी गड्डा, आसाला लटकत होता. त्याचे आरे आणि गोलाईचे लाकडी तुकडे एका पोत्यात भरून आणले होते. शेजारी भिंतीला टेकवून एक मोठी पांढरी कडी ठेवलेली होती, आणि एक शिपाई फक्त तिच्यावर पहारा करत होता. ती चाकाची धाव होती. गाडीच्या चाकावर जो लोखंडी पट्टा ठोकतात त्याला धाव म्हणतात. ही चांदीची होती.

मी जरा वेळ नुसता बघत राहिलो. शिंगांवर चांदी, सरदेशमुखी थाटाची झूल, हे सगळं मी पाहिलं होतं. चाकावर चांदी पहिल्यांदाच पाहत होतो.

लोखंडी धाव लोहार तापवून लाल करतो, चाकावर चढवतो आणि पाणी ओततो. लोखंड आवळतं आणि सगळं चाक मुठीत धरल्यासारखं घट्ट होतं. बैलगाडीचं चाक खिळ्यांवर उभं नसतं, या मुठीवर उभं असतं. चांदी मऊ. तीही आवळते, पण खडीवरून चाक फिरलं की प्रत्येक दगड तिला लाटतो. पोळी लाटावी तशी ती हळूहळू लांबत जाते, आणि लांबली की मूठ सुटते. काळ्या मातीतल्या गाडीवाटेवर ती कदाचित वर्षभर टिकली असती. पण अंजनगावच्या रस्त्यावर नवी खडी पडली होती. ती खडी माझ्याच खात्याने टाकली होती, आणि चांगली टोकदार टाकली होती.

मी सुतळी घेतली. धावेच्या आतून एक फेर घेतला आणि लाकडाचे तुकडे जमिनीवर गोल मांडून त्यांच्याभोवती दुसरा. धावेचा फेर चांगला वितीएवढा जास्त भरला. खिळ्यांची भोकं ओढली जाऊन लांबट झाली होती. आतल्या बाजूला लाकडावर घासून घासून आरशासारखी चकाकी आली होती, म्हणजे धाव बरेच दिवस सैल फिरत होती. उजव्या चाकाच्या धावेखाली माझं बोट सहज शिरलं.

बैल दौडवले असते, चाक दगडावर आदळून फुटलं असतं, तर धाव वेडीवाकडी झाली असती आणि तिच्याखालचं लाकूड स्वच्छ राहिलं असतं. इथे उलटं होतं. धाव गोलच्या गोल, आणि लाकडाची कड चहूबाजूंनी दगडांनी चावलेली. आधी धाव निसटली, मग उघडं चाक थोडं चाललं, मग त्याचे सांधे उघडले आणि ते बसलं. चावे खोल होते, फरपटलेले नव्हते. बैल चालीने चालले होते.

एवढं कळायला मला फार वेळ लागला नाही, आणि खरं सांगायचं तर मला समाधान वाटलं. मेलेल्या बाईचा विचारही माझ्या मनात नव्हता.

तेवढ्यात खुशालराव आला. पागोटं, हातात काठी, डोळे सुजलेले. त्याने मला रामराम केला आणि म्हणाला, "साहेब, धाव कवा भेटन? उघड्यावर पडून हाये."

"मिळेल. आधी हे सांगा, लोखंडी धाव काढून टाकली का? लोखंडावरून चांदी चढवली असती तर चाक टिकलं असतं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी हलकं बोललो होतो. "लोखंडावर चांदी म्हंजे मुलामा झाला. मुलाम्याची वस्तू आमच्या घरात चालत नाई. पोरानं म्हटलं, सून येईन तं पुऱ्या चांदीवर येईन. म्या म्हटलं, मंग लोखंड काढा."

"या चांदीनेच चाक गेलं, खुशालराव."

"चांदीनं कोनी मरत नाई," तो म्हणाला. "नत्थुजीनं पेली. थो सोता सांगते. जुना मानूस हाये, माह्या मनात त्याच्यासाठी वाईट नाई. पन झालं थे त्याच्या हातून झालं." आणि तो धावेवरची धूळ उपरण्याने पुसू लागला. मला त्याला हाकलून द्यावंसं वाटलं.

आता माझ्यापुढे प्रश्न राहिला तो मनकर्णेचा. बैल चालीने चालले होते, तर नत्थुजी खोटं का बोलत होता? हे माझं काम नव्हतं. पण मला अर्धवट हिशेब आवडत नाही. मी दमणी अंगणात डाव्या कुशीवर आडवी करायला लावली, जशी नाल्यापाशी पडली होती तशी. एका शिपायाला म्हटलं, उचल. त्याने खांदा लावला, तोंड लाल झालं, दमणी हलली नाही. दुसऱ्याला म्हटलं, तूही लाव. दोघांनी ती काहीच नसल्यासारखी वर उचलली.  नाल्यापाशीही दोन माणसं होती. नत्थुजी आणि भगवंतराव.

मी घोडा मागवला आणि नाल्याकडे गेलो.

दमणी उलटली ती जागा शोधावी लागलीच नाही. रस्त्याकडेच्या चरात लाकडाच्या ढलप्या आणि फुटक्या बांगड्या होत्या. तिथून थोडं वर, उताराच्या माथ्याजवळ, एक बारीक रेघ रस्ता सोडून शेतात शिरलेली दिसली. सुटलेली धाव उभीच्या उभी गडगडत गेली होती. वेचणी झालेल्या पऱ्हाटीमधून वाकडीतिकडी जाऊन ती रेघ खाली नाल्याच्या ओलीत उतरली होती. काळी माती ओली असताना लोण्यासारखी आणि वाळली की विटेसारखी होते. त्या दिवशीची ओल आता वाळली होती आणि जे काही तिच्यावर उमटलं ते जसंच्या तसं राहिलं होतं.

रेघेच्या बाजूने जोड्यांचे ठसे होते, टाचेला नाल मारलेल्या. नत्थुजीसारखे गडी अनवाणीच असतात. ठसे लांब लांब अंतरावर पडलेले, नुसते चवडे रुतलेले. माणूस जिवाच्या आकांताने पळत होता. धाव नाल्याच्या चिखलात आडवी पडली होती तिथे तिचा गोल वळ होता आणि गुडघे टेकल्याच्या दोन खुणा. मग परतीचे ठसे. हे जवळ जवळ पडलेले, पूर्ण तळव्याचे. त्यांच्याशेजारी धावेची दुसरी रेघ होती, अगदी सरळ. त्याने धाव उभी केली होती आणि हाताने चालवत, पडू न देता, वरपर्यंत आणली होती.

मी तिथे उभा राहिलो. पऱ्हाटीत कुठेतरी होले घुमत होते. वर गाडी पडली, तिच्याखाली बायको, एकटा म्हातारा खांदा लावून ओरडतो आहे, आणि हा घोड्यावरून उतरून धावेमागे पळाला. मला त्या माणसाची किळस आली. मग वाटलं, आता काहीतरी वाटायला लागलं हे बरं आहे. पण ते फार टिकलं नाही. घोड्यावर बसलो तेव्हा पुन्हा सगळं बधिर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुरुंगात गेलो. नत्थुजी खरंच भिंतीकडे तोंड करून बसला होता. वाळलेला, उंच म्हातारा. मी म्हणालो, "अंगरखा काढ."

त्याने काढला. उजव्या खांद्याचं कातडं पार सोललेलं होतं आणि पाठीवर दमणीच्या कडेचा काळानिळा आडवा वळ होता. उधळल्या गाडीवरून फेकला गेलेला माणूस तळहातांवर आणि गुडघ्यांवर पडतो. याचे तळहात आणि गुडघे धड होते. हा माणूस गाडीखाली वाकून ती वर रेटत होता.

"तू एकटाच रेटत होतास," मी म्हणालो. "तो धाव आणायला गेला होता. मी नाल्यात जाऊन आलो आहे."

त्याने अंगरखा पुन्हा अंगावर चढवला. मग हळूच म्हणाला, "कोनाले सांगतलं?"

"अजून कुणाला नाही."

"नोका सांगू. तुमच्या पाया पडतो, नोका सांगू. थो वाईट नाई, साहेब. तुमाले वाटन वाईट हाये. म्या त्याले या खांद्यावर वागवलं. बायकोच्या पायात काटा मोडला तं त्याच्या डोळ्यात पानी यायचं. कसं काय झालं, थे मले बी समजलं नाई. म्या वरडत होतो, भगवंत, ये, भगवंत, ये. थो पळतच होता. मंग धाव घिऊन आला अन् म्हने, काय झालं, नत्थुकाका? जसं काई त्याले आताच दिसलं."

"आणि तू दारू पिऊन हाकल्याचं सांगितलंस."

"म्या पेलो म्हटलं तं कोनी फुडं इचारत नाई. नाई म्हटलं तं इचारतीन, धाव कुठं सापडली, कोन आनली, थो कुठं होता. मंग गाव त्याले जगू देईन? त्याचा बाप? तिचा बाप?"

"आणि मनकर्णा? ती फाटकाशी बसून आहे."

तो पुन्हा भिंतीकडे वळला. "तिले सांगा, घरी जाय."

मी साहेबांकडे गेलो आणि चाकाचं सगळं सांगितलं. सुतळी दाखवली, खिळ्यांची भोकं दाखवली, महानुभाव दारू पीत नाहीत हेही सांगितलं. नाल्यातलं सांगितलं नाही. साहेब बुद्धिमान होते, आणि ते माझ्या सोयीचं नव्हतं. ते म्हणाले, चांदीचं पटलं. पण कबुलीचं काय? जगात कुठलाही माणूस स्वतःविरुद्ध उगाच खोटं बोलत नाही. याने खोटं का सांगितलं ते मला उद्या सुनावणीत सांग, मी त्याला सोडतो. नाही सांगितलंस तर त्याची कबुली मी धरणार.

म्हणजे म्हातारा सुटायचा असेल तर पोराची अब्रू जाणार. पोराला झाकायचं असेल तर म्हातारा खडी फोडत मरणार. मी त्या चाकाकडे बघायलाच नको होतं असं मला वाटलं. असं मला क्वचितच वाटतं.

त्याच दुपारी मी खुशालरावाच्या गावी गेलो. घर कापसाने भरलं होतं. ओसरीत कापूस, माजघराच्या दारापर्यंत कापूस, माणसांना बसायला जेमतेम वाट ठेवलेली. भगवंतराव त्या ढिगाला पाठ लावून बसला होता. दाढी वाढलेली, पण अंगावरचं धोतर स्वच्छ. कुणीतरी त्याला न्हाऊ घालत असावं. पायांजवळ जोडे होते. मला पाहून तो उठला, पाट दिला, पाणी आणायला सांगितलं. सगळं रीतसर.

"मी नाल्यापर्यंत जाऊन आलो, भगवंतराव," मी म्हणालो.

"बरं केलं."

"तुमच्या जोड्यांचे ठसे आहेत तिथे. जातानाचे आणि येतानाचे."

त्याने जोड्यांकडे पाहिलं. "असतीन," तो म्हणाला. मग ते बाजूला सारून म्हणाला, "नत्थुकाका म्हने, तू काई बोलू नोको, मी पायतो. मंग मी बोललोच नाई."

"उद्या सुनावणी आहे. तो खोटं का बोलला हे कळलं नाही तर साहेब त्याला शिक्षा देणार. हे फक्त तुम्ही सांगू शकता. मीही सांगू शकतो, पण मी सांगू नये असं मला वाटतं."

तो ऐकत होता की नाही ते कळेना. त्याने ढिगातून एक बोंड उचललं, सरकी काढली, ठेवून दिली. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "साहेब, तुमाले समजते अशातलं. मी तिकडे गेलो नसतो तं थे वाचली असती काय?"

मी पाण्याचा तांब्या उचलून परत खाली ठेवला.

"नत्थुकाका म्हनते, नाई. माय म्हनते, नाई, तिचा वखत भरला होता. बाबा म्हनते, दैवात होतं. तिचा बाप आल्ता अंजनगावाहून. त्याले काईच मालूम नाई, थो माह्या पाठीवर हात फिरवून म्हने, जावईबापू, तुमी तरी काय करसान."

'नाही' म्हणणं अगदी सोपं होतं. शिवाय फायद्याचंही होतं. 'नाही' म्हटलं असतं तर त्याचं मन हलकं झालं असतं, आणि हलक्या मनाने तो उद्या कचेरीत येऊन दोन शब्द बोललाही असता. 'हो' म्हटलं तर हा रात्रीत विहीर जवळ करील अशी मला भीती वाटली. पण इतकी वर्षं मी ज्यांना ज्यांना कारण सांगितलं त्यांना खरंच सांगितलं होतं, आणि याने मला दुसरं काही विचारलं नव्हतं.

"वाचली असती," मी म्हणालो. "ती दमणी दोन माणसांना सहज उचलता येते. मी उचलायला लावून पाहिली आहे. ती एकदम गेली नाही, दम कोंडून गेली. तुम्ही लगेच हात लावला असता तर बहुतेक वाचली असती."

तो रडला नाही. त्याने मान हलवली, एखाद्याने वाट सांगितल्यावर हलवतात तशी. "बरं," तो म्हणाला. "कचेरी कवा उघडते?"

रात्रभर मी जागा राहिलो. सकाळी फाटकाशी पोचलो तर मनकर्णेपासून थोड्या अंतरावर तो बसलेला होता. एकटा. पायात जोडे नव्हते. गावाहून चालत आला होता. मनकर्णा त्याच्याकडे पाहत होती आणि तिला काहीच कळत नव्हतं.

सुनावणी छोटी झाली. नत्थुजीने पुन्हा तेच सांगितलं, दारू पेलो, बैल दौडवले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चाकाचं सांगितलं आणि थांबलो. तेव्हा भगवंतराव उठला. नत्थुजी जोरात ओरडला, "खाली बस रे पोट्ट्या!" शिपायाने त्याला धरलं.

"नत्थुकाका पेलेला नव्हता," भगवंतराव म्हणाला. "बैल चालून राहिले होते. धाव निघून गेली अन् दमणी उलटली. नत्थुकाका एकटा दमणी उचलून राहिला होता. मले हाका मारून राहिला होता. मी नाल्यात गेल्तो, धाव आनाले. धाव आनली, मंग आमी दोघायनं दमणी उचलली. तवा थे मेली होती. हे कोनाले समजू नाई म्हून थो खोटं बोलून राहिला."

खुशालराव मागे भिंतीपाशी उभा होता. तो हळूहळू खाली बसला.  साहेबांना मराठी बेताचंच येई, मी एकेक वाक्य त्यांना इंग्रजीत सांगत गेलो. त्यांनी नत्थुजीला सोडून द्यायला सांगितलं. शिपायाने हात सोडले, पण नत्थुजी जागचा हलला नाही. तोंडावर पटका धरून तो हुंदके देऊ लागला. दाराशी मनकर्णा उभी होती, तीही आत आली नाही.

भगवंतरावाला लावायला साहेबांजवळ कुठलं कलम नव्हतं. त्यांनी लेखणी खाली ठेवली. मग कायद्याचा माणूस म्हणून नव्हे, नुसतंच, त्यांना विचारावंसं वाटलं असावं. मला म्हणाले, याला विचारा, हा तिकडे का गेला.

मी विचारलं.

भगवंतरावाने खरोखर विचार केला. आठवून पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, थे दमणीत होती. थे कुठं जात नव्हती. धाव जाऊन राहिली होती."

मी ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. साहेबांना वाटलं माझं काहीतरी चुकलं, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.